भविष्य सांगणारे आणि भविष्य लिहिणारे

आपल्या साप्ताहिकात राशिभविष्य का नसते, असे आम्हाला वर्षाकाठी दोन-चार वेळा तरी विचारले जाते. विचारणारे कुणी परके नसतात. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली, पौर्णिमेला न चुकता विहारात येणारी आपलीच माणसे असतात. "छापा की हो, घरात सगळी आधी तेच वाचतात," असे एक उपासक आम्हाला हसत हसत म्हणाले होते.

आमचे उत्तर ठरलेले आहे. दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, म्हणजे ब्रह्मजाल सुत्तात, ग्रहणांची, नक्षत्रांची आणि अंगावरच्या खुणांची फळे सांगून पोट भरणे ही हीन विद्या ठरवली आहे. भिक्खूने तिच्या वाटेला जाऊ नये असे तिथे स्पष्ट आहे. नक्खत्त जातकातली गोष्टही आमच्या माताभगिनींना ठाऊक असेल. शहरातल्या एका घराने खेड्यातली मुलगी पसंत केली, लग्नाचा दिवस ठरला, आणि ऐनवेळी एका आजीवकाला विचारले. आपल्याला आधी विचारले नाही म्हणून तो रुसलेला. त्याने नक्षत्र वाईट असल्याचे सांगितले आणि वऱ्हाड घरीच बसले. तिकडे मांडव घालून वाट पाहणाऱ्या खेड्यातल्या लोकांनी मुलगी दुसऱ्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पोचले ते भांडायला. आज अडीच हजार वर्षांनंतरही हे भांडण आपल्या गल्लीत ऐकू येते, हे दुर्दैव म्हणायचे.

पण नुसते 'नाही' म्हणून भागत नाही, हेही आम्हाला कळते. उद्या काय होईल ही माणसाची ओढ खोटी नाही. ज्या आईचा मुलगा पुण्याला खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आहे, ज्या घरातला पुरुष ऊसतोडीला गेला आहे, त्या घराला उद्याची काळजी असणारच. ती भूक खरी आहे. तिला शिळे अन्न का घालायचे, एवढाच प्रश्न आहे. म्हणून या खेपेला आम्ही भविष्य सांगणाऱ्यांना बाजूला ठेवून भविष्य लिहिणाऱ्या माणसांची ओळख करून देत आहोत. मराठीत अशी माणसे आहेत. त्यांची एक लहानशी पत्रिका आहे, आणि ती पगारी नोकरांच्या नव्हे, हौशी कार्यकर्त्यांच्या बळावर चालत आली आहे.

मानद माणसांची पत्रिका

२४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. पुढाकार होता म. ना. गोगटे या अभियंत्याचा. विज्ञान इंग्रजीच्या कुलुपात राहू नये, ते मराठीत बोलावे, एवढे साधे उद्दिष्ट होते. परिषदेचे काम मुंबईत शीव-चुनाभट्टीच्या विज्ञान भवनातून चालते आणि गावोगावी तिचे विभाग आहेत. अ. पां. देशपांडे यांनी तिचे मानद कार्यवाह म्हणून कित्येक वर्षे धुरा वाहिली. या 'मानद' शब्दाकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. मानद म्हणजे बिनपगारी. दिवसभर नोकरी करायची आणि संध्याकाळी परिषदेची पत्रे, लेख, मुद्रिते घेऊन बसायचे. आपल्या भीमजयंतीच्या समितीत खांदे झिजवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

परिषदेची पत्रिका हे या माणसांना एकत्र बांधणारे सूत. त्यात वनस्पतींवर लेख असतात, आरोग्यावर असतात, अवकाशयानांवर असतात. पण आमच्या मते या मंडळींचे सर्वांत धाडसाचे काम वेगळेच आहे. १९७० सालापासून परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. विज्ञानकथा म्हणजे 'असे झाले तर काय होईल?' हा प्रश्न धरून लिहिलेली गोष्ट. जुन्या काळी 'केरळ कोकीळ'सारख्या मासिकाने ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर मराठीत आणली होती. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने अद्भुतकथांची गोडी लावली होती. पण सामान्य वाचकाला बोलावून 'तुम्हीच उद्याची गोष्ट लिहा, आम्ही तपासू' असे म्हणणे निराळे. या चळवळीभोवती जी नावे दिसतात ती पाहा. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ, सुबोध जावडेकर रसायन अभियंते, निरंजन घाटे भूशास्त्राचे अभ्यासक. पोटापाण्याचा उद्योग एक आणि लेखणी दुसरी. १९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टने भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा एक इंग्रजी संग्रह काढला, त्याचे संपादन बाळ फोंडके यांच्याकडेच होते.

स्पर्धेतला एक किस्सा तर आता सर्वपरिचित आहे. १९७४ सालच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. परीक्षकांना कथा आवडली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. मागाहून कळले की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! केंब्रिजमध्ये नाव काढून १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेले खगोलशास्त्रज्ञ. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणे भाषण चालू असताना त्यांनी ही कथा लिहायला घेतली होती. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पुढे १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या वाटेचे जाहीर कौतुक केले.

हा किस्सा सगळीकडे मोठ्या माणसाच्या नम्रतेची गोष्ट म्हणून सांगितला जातो. ती नम्रता खरीच होती. पण आमची नजर दुसरीकडे जाते. मोठे नाव लपवून कथेला न्याय मिळवणे ही एक गोष्ट. आणि शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव गिळणे ही दुसरी. आपल्या किती मुलांनी नोकरीच्या गावी 'पूर्ण नाव काय?' या प्रश्नावर घुटका गिळला असेल! नारळीकरांच्या किश्श्यातून आम्ही उचलतो ती बाब अशी, की परीक्षकांनी कुणा अनोळखी जगतापाला पहिले बक्षीस दिले. शिफारस नव्हती, ओळख नव्हती, फक्त कथा होती. म्हणजे निदान त्या एका दाराशी नाव न विचारता आत घेण्याची रीत होती. मग त्या दारातून आपण किती जण गेलो?

नारळीकरांचा उल्लेख आला आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००८ साली त्यांनी प्रा. सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना बरोबर घेऊन फलज्योतिषाची परीक्षा घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या देऊन त्यांतली हुशार कोण आणि मतिमंद कोण, एवढेच ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघालेल्या उत्तरांची सरासरी ४६ टक्के. नाणे उडवून छापा-काटा केला असता तरी पन्नासाच्या आसपास उत्तरे बरोबर आली असती! दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. मंगलाताई २०२३ मध्ये आणि नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. राशिभविष्याचे रकाने मात्र चालूच आहेत.

मागच्या दाराने आलेली लेखिका

ही चळवळ मराठीतच झाली असे नाही. अमेरिकेत एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक याने 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक काढले. त्याने एक साधी गोष्ट केली. वाचकांची पत्रे छापताना त्यांचे पूर्ण पत्तेही छापले. मग वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले, मंडळे निघाली, सायक्लोस्टाइल केलेल्या चार-आठ पानी पत्रिका निघाल्या. पोरासोरांच्या त्या मंडळांतून पुढचे मोठे लेखक तयार झाले.

पण त्या भविष्याच्या दारावरही रखवालदार होता. सॅम्युअल डिलेनी या काळ्या लेखकाची 'नोव्हा' ही कादंबरी एका नामांकित मासिकाकडे क्रमशः छापण्यासाठी गेली. कादंबरी चांगली आहे, पण काळा नायक आमच्या वाचकांना चालणार नाही, असे संपादकाने कळवल्याचे डिलेनी यांनी लिहून ठेवले आहे. काळ आहे १९६७ चा. म्हणजे चंद्रावर माणूस पाठवायला निघालेल्या देशात, कित्येक शतकांनंतरच्या गोष्टीतसुद्धा काळ्या माणसाला नायक होण्याची परवानगी नव्हती. भविष्याला जात नसते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ऑक्टेव्हिया बटलर हिची हकीकत आमच्या भगिनींनी मुद्दाम वाचावी. ती १९४७ साली कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना गावात जन्मली. वडील बूट पॉलिश करीत, ते लवकर गेले. आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करी. आईबरोबर जाताना मागच्या दाराने आत जावे लागे, हे त्या मुलीने पाहिले. बाराव्या वर्षी तिने मंगळावरून आलेल्या बाईचा एक भिकार सिनेमा पाहिला आणि 'याहून बरे तर मी लिहीन' असे तिच्या मनाने घेतले. पहाटे उठून लिहायचे आणि दिवसा मिळेल ते हलके काम करायचे, असे तिने कित्येक वर्षे केले. १९७९ च्या तिच्या 'किंड्रेड' या कादंबरीत आजची काळी स्त्री गुलामगिरीच्या काळात खेचली जाते. १९९३ च्या एका कादंबरीत तिने २०२४ साल रंगवले: पाणी महाग झालेले, वणवे पेटलेले, श्रीमंत भिंतींच्या आड आणि गरीब रस्त्यावर. तिने पत्रिका मांडली नव्हती. मागच्या दाराने आत गेलेल्या माणसाला घर कुठून गळते ते आधी दिसते, इतकेच. १९९५ साली तिला मॅकार्थर पारितोषिक मिळाले. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला ते मिळण्याची ती पहिली वेळ होती. १९७२ साली आपल्या पॅंथरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पॅंथरांकडून नाव घेतले. त्यांच्या या लेकीकडूनही काही घ्यायला हरकत नाही.

आपल्या देशातही रुकैया हुसेन यांनी १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात 'सुलतानाचे स्वप्न' लिहिले. त्या स्वप्नातल्या देशात पुरुष पडद्यात आहेत, राज्य बायका चालवतात, ढगांतून पाणी घेतात आणि सूर्याची उष्णता साठवून वापरतात. सव्वाशे वर्षे होत आली त्या गोष्टीला. आणि २०२४ साली चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने जातिविरोधी विज्ञानकथांचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढले. म्हणजे वाट पडू लागली आहे.

आपली पत्रे, आपला उद्या

पदरमोड करून चालवलेल्या लहान पत्राची ताकद आपल्याला कुणी शिकवावी असे नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. 'बहिष्कृत भारत'चे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' हाताने बांधून, डोक्यावर वाहून गावोगाव पोचवणारी माणसे होतीच. मराठवाड्यात गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले आणि एका त्रैमासिकातून लेखकांची पिढी उभी केली. ही सगळी पत्रे एका अर्थाने उद्याचीच पत्रे होती. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आले, तेव्हा समोर बसलेल्या माणसांना वतनाशिवायचे गाव डोळ्यांसमोर आणणे सोपे नव्हते. वतन म्हणजे पिढ्यान्पिढ्यांची भाकर आणि पिढ्यान्पिढ्यांची बेडी. ती नसलेला उद्या त्यांना मनात रचावा लागला. वतने कायद्याने गेली ती पुढे १९५८ च्या कायद्यानंतर.

यंत्रालाही बाबासाहेब कधी भ्याले नाहीत. माणसाला जनावराच्या कष्टांतून सोडवून फुरसत देणारी गोष्ट म्हणजे यंत्र, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. चरख्याकडे परत चला म्हणणाऱ्यांना त्यांनी १९४५ च्या ग्रंथात ते खडसावून सांगितले.

असे असताना आमच्या साहित्यात उद्याची कथा थोडी का? 'बलुतं' आले, 'उपरा' आले, शेजारच्या लातूर जिल्ह्यातून लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' आले, बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आले. काल काय झाले ते आम्ही असे सांगितले की मराठी भाषेला मान खाली घालावी लागली. ते सांगणे आवश्यकच होते. पण परवाची गोष्ट दुसऱ्यांच्या हाती राहिली. आम्ही वाचलेल्या मराठी विज्ञानकथांत शास्त्रज्ञ असतात, परिषदा असतात, परदेशचे विमान असते. त्या प्रयोगशाळेची फरशी कोण पुसते, त्या अवकाशनगरीची गटारे कोण काढते, हे सहसा येत नाही. लेखकांचा तो दुष्टावा नव्हे. ज्याने जे पाहिले ते त्याने लिहिले. गटार ज्यांनी पाहिले त्यांनी लिहायचे आहे. केरळातल्या तरुण अभियंत्यांनी गटारात उतरणारे 'बॅंडिकूट' नावाचे यंत्र केले आणि २०१८ पासून ते वापरात आले. यंत्र आत गेल्यावर बाहेर आलेल्या माणसाचे काय? यंत्र चालवायला त्यालाच शिकवणार, की दुसऱ्या कुणाला? ही कथा कुण्या खगोलशास्त्रज्ञाला सुचणार नाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तर अशा गोष्टी पायाखाली पडल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट जुन्या माणसांच्या अंगावर अजून काटा आणते. सास्तूर आणि भोवतालची गावे झोपेत गाडली गेली. भूकंप नेमका कधी होईल हे विज्ञानाला आजही सांगता येत नाही, आणि ते तसे कबूल करते. पण झालाच तर मातीत बसवलेल्या जाड दगडी भिंतींचे, वर मातीचे माळवद असलेले घर आधी पडेल, हे त्याला सांगता येते. उद्याविषयी बोलण्याच्या या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत तारीख विचारतात. दुसऱ्या तऱ्हेत 'असे झाले तर काय?' असे विचारतात आणि घर बदलतात. चांगली विज्ञानकथा या दुसऱ्या तऱ्हेतली असते.

आता गायरानाचे घ्या. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून मराठवाड्यात आपल्या माणसांनी गायरानाचे दगड वेचून ज्वारी पिकवली, मारहाण सोसली, खटले सोसले. कित्येकांच्या नावावर सातबारा अजून नाही. आता सरकारी आणि गायरान जमिनी सौर प्रकल्पांना देण्याचे धोरण आले आहे. सूर्याची वीज आम्हाला हवी आहे. दुष्काळी मुलखाला ती वरदानच ठरेल. पण काचेच्या पत्र्यांखाली कुणाची ज्वारी जाते, आणि त्या विजेचा दिवा कुणाच्या वस्तीत शेवटी लागतो? वीस वर्षांनंतर एखादी मुलगी त्या पत्र्यांची देखभाल करणारी अभियंता होऊन आली आणि तिला कळले की हे आपल्या आजीचे रान होते, तर ती काय करील? ही गोष्ट कळंबला लिहिता येईल, परंड्याला येईल, उमरग्याला येईल. त्यासाठी केंब्रिजला जावे लागत नाही.

साहित्याचे वारे आपल्याकडे फिरकलेच नाही असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये ९३ वे मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात भरले. त्याच्या पुढचे संमेलन नाशिकला झाले आणि त्याचे अध्यक्ष होते ते नारायण विनायक जगताप, म्हणजे नारळीकर. धाराशिवहून नाशिकला जाताना मराठी साहित्याने विज्ञानकथेला खुर्ची दिली, ती अशी.

तेव्हा आमची सूचना आहे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतेच. त्यातला एखादा रविवार मुलामुलींच्या विज्ञानकथांना द्यावा. दहावी-बारावीला विज्ञान शिकवणाऱ्या आपल्या शिक्षकांनी पुढे व्हावे आणि गोष्टीतले विज्ञान तपासून द्यावे. भाषा आपली ठेवावी. आजी जशी बोलते तशी बोलली तरी चालेल, पण यंत्र खोटे नको. ज्यांची तयारी असेल त्यांनी चुनाभट्टीच्या विज्ञान भवनाला पत्र घालून विज्ञानकथा स्पर्धेचे चालू नियम मागवावेत. वर्गणी जमली तर विहाराच्या वाचनालयासाठी पत्रिकाही लावावी, आणि तिच्याशेजारी 'यक्षांची देणगी' हा नारळीकरांचा कथासंग्रह ठेवावा.

धाराशिव जिल्ह्यातून आलेल्या कथा आम्हीही या कुटुंब पानांवर छापू. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, हजार-बाराशे शब्दांत लिहावे. नाव आडनावासह लावायचे, आडनावाशिवाय लावायचे, आईचे लावायचे की टोपणनाव घ्यायचे, ते पाठवणाऱ्याने ठरवावे. पत्ता मात्र पूर्ण लिहावा आणि तो छापलेला चालेल की नाही तेही कळवावे, म्हणजे तुळजापूरच्या मुलाला भूमच्या मुलीची कथा आवडली तर पत्र कुठे घालायचे ते त्याला कळेल.